नाव क्रॅपी, तोंड कागदी

अमेरिकेत मासे गरवायला जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सॅमन, ट्राउट अशी भारदस्त नावं होती. मित्र म्हणाला, ‘‘क्रॅपी.’’ मी विचारलं, ‘‘म्हणजे मासे चांगले नाहीत?’’ तो म्हणाला, ‘‘माशाचं नावच क्रॅपी आहे.’’

तर हा मासा. स्पेलिंगमध्ये इंग्रजीतली घाण मिरवतो, म्हणून की काय, उत्तरेकडचे लोक सोवळ्यात ‘क्रॉपी’ म्हणतात आणि दक्षिणेकडचे बिनधास्त ‘क्रॅपी’. फ्लोरिडात तो ‘स्पेक’ होतो. लुइझियानात त्याचं नाव ‘साकाले’, फ्रेंचमध्ये अर्थ दुधाची पिशवी! पण दुधाशी त्याचा काही संबंध नाही. तिथल्या चॉक्टॉ आदिवासींचा ट्राउट माशासाठीचा शब्द ‘साकली’, तो फ्रेंच कानांना तसा ऐकू आला. आपल्या ‘शीव’चं ‘सायन’ झालं, त्यातलाच प्रकार. १९९३पासून ही दुधाची पिशवी लुइझियानाचा गोड्या पाण्यातला अधिकृत राज्यमासा आहे.

काटे मोजा, जात ओळखा

क्रॅपी दोन प्रकारचे, काळा आणि पांढरा. रंगावर विसंबलात तर फसाल, कारण गढूळ पाण्यात काळाही फिका पडतो. पाठीवरच्या पंखाचे टणक काटे मोजायचे. सात-आठ असले तर काळा, सहा किंवा कमी असले तर पांढरा. दोघांच्याही जगातल्या सर्वांत मोठ्या नोंदी पाच पौंडांच्या थोड्या वर, म्हणजे जेमतेम अडीच किलो. पांढऱ्याची नोंद १९५७ची, मिसिसिपीतल्या एनिड तलावावरची. काळ्याची २०१८ची, टेनेसीची.

थोराड क्रॅपीला तिथे ‘स्लॅब’ म्हणतात. मित्राने पहाटे फोन केला, ‘‘आज स्लॅब काढू.’’ ज्याने मुलुंडमध्ये गळकी गच्ची सोसली आहे, त्याला हे वाक्य पचायला वेळ लागतो.

ज्याने नाव दिलं तोच गळाला लागला

पांढऱ्या क्रॅपीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८१८मध्ये राफिनेस्क नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने केलं. विद्वान, उतावळा आणि अर्धा वेडा. त्याच वर्षी तो केंटकीत पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन याच्याकडे उतरला. रात्री खोलीत वटवाघळं शिरली. नवी जात सापडल्याच्या आनंदात पाहुणा उघडाबंब होऊन, यजमानाचं लाडकं व्हायोलिन घेऊन त्यांच्यामागे धावला. व्हायोलिनचा चुराडा. हे ऑड्युबॉननेच लिहून ठेवलं आहे.

ऑड्युबॉनने शांतपणे सूड उगवला. ओहायो नदीतले मासे म्हणून त्याने पाहुण्याला चक्क थापा पुरवल्या. त्यातल्या एका माशाची खवलं म्हणे इतकी कडक, की बंदुकीची गोळी लागत नाही आणि पोलादावर घासली तर ठिणगी उडते! राफिनेस्कने तो मासा १८२०च्या आपल्या पुस्तकात सगुण-साकार छापून टाकला. मला हा माणूस फार आवडतो. क्रॅपी मात्र खरा निघाला, हे त्याचं नशीब.

तलावाने कूस बदलली की

आम्ही गेलो नॉर्थ कॅरोलिनातल्या जॉर्डन लेकवर. शेजारच्या कॅरी आणि मॉरिसविलमध्ये मराठी घरं भरपूर, पण पहाटे साडेपाचला बोटीवर मराठी आम्ही दोघंच. तलाव धरणाचा आहे, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला भरलेला. नोव्हेंबरचा शेवट, ओकची झाडं उघडीबोडकी, पाईन तेवढे हिरवे. वर पांढऱ्या डोक्याचा गरुड घिरट्या घालत होता. तो लायसन्स काढत नाही. मला मात्र परराज्यातला पाहुणा म्हणून दहा दिवसांचं काढावं लागलं.

एवढ्या थंडीत कशाला, असं मी विचारलंच. कारण पाण्याच्या पोटात आहे. उन्हाळ्यात तलावाचे थर पडतात. वर कोमट, खाली गार आणि तळाशी प्राणवायू जवळपास संपलेला. मग शरदात वरचं पाणी गार होतं, जड होतं आणि खाली उतरतं, आणि अख्खा तलाव कूस बदलतो. पाणी सर्वांत जड असतं चार अंश सेल्सिअसला. प्राणवायू तळापर्यंत पोचला की माशांना खोल जायची मुभा मिळते. क्रॅपीचं मुख्य खाणं म्हणजे शॅड, आपल्या तारलीच्या दूरच्या नात्यातले चंदेरी मासे. ते खोल गेले की मागोमाग हा. उन्हाळ्यात विखुरलेली मंडळी आता बुडालेल्या ओढ्याच्या कडेला, पुलाच्या खांबांपाशी थवा करून उभी राहतात. एक सापडला की पंगत सापडली.

आणि पंगत कुठे बसवायची हेही माणसं ठरवतात. क्रॅपीला झाडझाडोऱ्यात दडायला आवडतं, म्हणून अमेरिकेत अनेक राज्यांत नाताळानंतर घराघरांतली ख्रिसमस ट्री गोळा करून, सिमेंटचे ठोकळे बांधून तलावात सोडतात. थोडक्यात, विसर्जन. फक्त पुढच्या वर्षी लवकर या, हे माशांना उद्देशून.

ओढू नको रे मेल्या!

माझं लहानपण रत्नागिरीच्या खाडीवर गेलं. तिथला धडा एकच. बूच बुडालं की हिसडा मारायचा. जॉर्डन लेकवर हा धडा दोनदा खोटा ठरला.

पहिल्यांदा असं की बूच बुडलंच नाही. सरळ उभं होतं ते हळूच कलंडलं आणि झोपी गेल्यासारखं आडवं झालं. मला वाटलं, गळ तळाला टेकला. मित्र कुजबुजला, ‘‘लागलाय.’’ क्रॅपीचे डोळे वरच्या अंगाला असतात, तो खालून वर येत आमिष घेतो. गळ वर उचलला जातो, दोरी सैल पडते आणि बूच लवंडतं. म्हणून मासे वीस फूट खोल असतील तर गळ अठरावर ठेवायचा. माशाच्या खाली गेलेलं आमिष वाया गेलं समजा. आमिष म्हणजे जिवंत मिनो, करंगळीएवढे मासे, आमिषाच्या दुकानात डझनावर मिळतात. बादलीत हवेचा पंप बुडबुडत असतो, आणि गोठलेल्या बोटांनी त्यातला एक पकडणं हा स्वतंत्र खेळ आहे.

मग मी हिसडा मारला. रत्नागिरीचा, मनगटातून. गळ रिकामा वर आला, टोकाला नखाएवढा पारदर्शक पापुद्रा. क्रॅपीच्या तोंडाचा. त्याच्या ओठाभोवतीची कातडी इतकी पातळ असते की त्याला टोपणनावच ‘कागदी तोंड’ आहे. ‘‘ओढू नको रे मेल्या! नुसतं उचल. दूध उतू जायच्या आत पातेलं उचलतात तसं,’’ मित्र म्हणाला. तो देवगडचा, पण इथे बारा वर्षं काढून हात मऊ झालेला. पुढचे दोन मीही हलक्या हाताने उचलले आणि जाळीत घेतले. हातात घेतलेला पहिला काळा क्रॅपी पाहण्यासारखा होता, ताटलीसारखा चपटा आणि चांदीवर शाई शिंपडल्यासारखा.

शेजारच्या बोटीवर पुढच्या टोकाला आठ काठ्या पंख्यासारख्या पसरलेल्या. तिथे याला कोळ्याच्या पायांवरून ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात. त्या बोटीतल्या आजोबांनी पडद्यावर मासा हलताना दाखवणारं सोनार लावलेलं. मासा गळाकडे येतो की तोंड फिरवतो, सगळं थेट प्रक्षेपण. मला ते परीक्षेत पेपर फोडल्यासारखं वाटलं. अर्थात आमच्यापेक्षा त्यांना तिप्पट मिळाले.

कढईपाशी

बोटीच्या कडेला मोजपट्टी चिकटवलेली असते. ठरलेल्या लांबीहून लहान मासा परत पाण्यात. संख्येलाही मर्यादा. नऊ घेऊन आम्ही घरी आलो. मित्राने अमेरिकन पद्धतीने विजेची सुरी काढली आणि घर्रर्र करत दोन्ही बाजूंच्या लाद्या काढल्या, कातडी सोलून फेकली. तिथली माणसं मक्याच्या पिठात घोळवून तळतात. आम्ही आगळ, हळद, तिखट आणि रवा. मांस पांढरंशुभ्र, भुसभुशीत, काट्यांचा त्रास जवळजवळ नाही.

मित्राची आई सहा महिन्यांसाठी देवगडहून आलेली. तिने एक तुकडा चाखला, मान हलवली. ‘‘मासो बरो आसा.’’ मग ओट्याकडे पाहिलं, सिंककडे पाहिलं.

‘‘आनि डोकी खंय आसत?’’

मित्र हळूच कचऱ्याच्या डब्यासमोर जाऊन उभा राहिला.