सहा दांड्यांचे कुलूप
चौरस छेदाच्या सहा लाकडी दांड्या, त्यांच्या मध्यभागी कोरलेल्या खाचा, आणि खिळा वा सरस यांचे साहाय्य न घेता त्या एकमेकींत अशा गुंतवणे, की तिन्ही दिशांना दोन-दोन दांड्या पसरून मध्ये भक्कम गाठ बसावी, एवढ्याच भांडवलावर एक कोडे युरोपातील व आशियातील जिज्ञासूंना पिढ्यान् पिढ्या मोहवीत आले आहे.

याच्या सर्वपरिचित प्रकारात एक दांडी, म्हणजे किल्ली, बिनखाचेची असते. उरलेल्या पाच जुळल्यावर मध्ये जो चौकोनी बोगदा राहतो, त्यात ती शेवटी सरकविली की सारी रचना कुलूपबंद होते. अमेरिकन गणितज्ञ बिल कटलर यांनी १९७८ साली संगणकाच्या साहाय्याने खातरजमा केली, की आत पोकळी न ठेवणाऱ्या जुळण्याच १,१९,९७९ आहेत. पुढे १९९० मध्ये पोकळ प्रकारांचाही हिशेब पुरा झाला, तेव्हा तो आकडा ३५ अब्जांपलीकडे गेला.

परंतु या कोड्याचे आकर्षण केवळ संख्येत नाही. खाच केसभर सैल झाली तर गाठ खिळखिळी होते, आणि पावसाळी हवेत लाकूड किंचित फुगले तर किल्ली जागची हलत नाही. म्हणून सुताराची अचूकता आणि गणिताची शिस्त येथे एकाच वस्तूत नांदतात. उत्तर बोटांनीच शोधावे लागते, आणि सापडलेले उत्तर तळहातावर तोलून पाहता येते, हेच या खेळाच्या चिरंजीवित्वाचे खरे कारण होय.