कंस कुठे गेले?

सावनेरच्या संत्रा बागायतदाराच्या पट्टीतला हिशेब घ्या: (पेट्या − खराब) × भाव − हमाली. माणसाला तो बघताक्षणी कळतो. यंत्राला एका वेळी एकच सूचना कळते, आणि कंस तर मुळीच कळत नाहीत. मधलं सगळं काम कंपायलरचं.

ते जवळून पाहायचं असेल तर निकलाउस विर्थ यांनी १९७६च्या 'अल्गोरिदम्स + डेटा स्ट्रक्चर्स = प्रोग्रॅम्स' या पुस्तकात दिलेली पीएल/० ही चिमुकली भाषा घ्यावी. तिच्यात फक्त पूर्णांक. अपूर्णांक नाहीत, अ‍ॅरे नाहीत. तिचा पास्कलमधला अख्खा कंपायलर मोजक्या पानांत मावतो, आणि तो ज्या काल्पनिक यंत्रासाठी सूचना लिहितो त्याला सूचना आठच प्रकारच्या. सावनेरच्या एखाद्या कॉलेजच्या मुलीनं सुट्टीत साध्या लॅपटॉपवर तो नव्यानं लिहावा, इतका आवाक्यातला.

गाभ्यात तीन छोट्या प्रोसीजर. पदावली वाचणारी, पद वाचणारीला बोलावते आणि अधिक-उणे दिसत राहील तोवर बोलावतच राहते. पद वाचणारी तसंच गुणाकार-भागाकारासाठी अवयव वाचणारीला बोलावते. अवयव म्हणजे संख्या, नाव किंवा कंस. आणि कंस उघडला की ही तिसरी थेट पहिलीलाच हाक मारते! शाळेत घोकलेलं कंचेभागुबेव या कंपायलरमध्ये नियम म्हणून कुठेच लिहिलेलं नाही. कोण कोणाला बोलावतं, एवढ्यातूनच ते पाळलं जातं. यापेक्षा सुंदर गोष्ट मला संगणकशास्त्रात सापडलेली नाही.

बाहेर काय पडतं? पेट्या आण, खराब आण, वजा कर, भाव आण, गुण, हमाली आण, वजा कर. कंस गेले, त्यांचा अर्थ क्रमात उतरला.

हा कंपायलर एक गोष्ट मात्र करत नाही. 'पेट्या − खराब' दोनदा आलं तर तो दोनदा मोजायला लावतो. पवईच्या आयआयटीतले प्रा. धनंजय ढमढेरे यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. समजा, प्रोग्रॅमला दोन वाटा फुटल्या. एकीवर ही वजाबाकी झाली, दुसरीवर नाही, आणि वाटा जुळल्यावर ती पुन्हा हवी आहे. दुसऱ्या वाटेवर ती आधीच करून ठेवली, की पुढची पुसता येते. ही युक्ती १९७९मध्ये मोरेल आणि रांव्वाज यांनी मांडली, पण त्यांच्या पद्धतीत अशी वजाबाकी ठेवायला जागा फक्त सूचनांच्या गठ्ठ्यांतच होती. ढमढेरे यांनी १९८८मध्ये ती दोन गठ्ठ्यांना जोडणाऱ्या वाटेवरच ठेवली, आणि तोवर निसटणारी पुनरावृत्तीही पकडता येऊ लागली.