रांगेत थांबलेले टपाल

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानान याच्या पुढाकाराने, एक विलक्षण जलयोजना सिद्ध झाली. कुंडी भंडारा ह्या नावाने ती प्रसिद्ध आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी भूमिगत भंडाऱ्यात जमवायचे आणि केवळ उताराच्या बळावर नगरापर्यंत आणायचे, अशी तिची रचना. पाणी येण्याचा वेग व ते लागण्याची वेळ यांचा मेळ नेहमीच बसत नाही; म्हणून मध्ये साठवण असावी लागते. संगणकाद्वारे जाणाऱ्या पत्रांनाही, म्हणजेच ई-मेलला, हाच नियम लागू पडतो.

ई-मेल क्षणार्धात पोहोचते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते एका मेल सर्व्हरकडून दुसऱ्याकडे, टप्प्याटप्प्याने जाते. ह्या देवघेवीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली ग्रथित केले आणि १९८९ साली त्यांचे अधिक स्पष्टीकरण झाले. त्यांचे सार असे, की ज्या सर्व्हरने पत्र स्वीकारले, त्याने ते पुढे पोहोचवावे किंवा पोहोचले नाही असे प्रेषकाला कळवावे. तिसरा मार्ग नाही. पुढचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर पत्र जपून ठेवावे लागते. अशा जपून ठेवलेल्या पत्रांची ती रांग. रांग हा दोष नव्हे. ती दिलेल्या शब्दाची राखण आहे.

भारतात ह्या विद्येचा आरंभच रांगेने झाला. १९८६ साली अर्नेट हा शैक्षणिक संगणकजाळ्याचा प्रकल्प सुरू झाला, आणि मुंबईत राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवईची आयआयटी यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. तार अखंड जोडलेली नसे. जोडणी होईपर्यंत पत्रांनी थांबायचे, हाच तेथला रिवाज होता.

आता समजा, बऱ्हाणपुरातील एखाद्या मोठ्या कापड-व्यवसायाचा सर्व्हर एकाच तारेने बाहेरच्या जगाशी जोडलेला आहे. ताशी ६,००० पत्रे येतात, आणि तारेची शक्ती ताशी ८,००० पत्रांची आहे. तार तीन तास तुटली तर १८,००० पत्रे साचतील. तार जोडल्यावरही नवी पत्रे येतच राहणार. तेव्हा साचलेल्यांसाठी ताशी केवळ २,००० पत्रांची सवड उरते. तीन तासांचा खंड भरून निघायला नऊ तास लागतील! दूरच्या ठिकाणी तार नुसती पुरेशी असून भागत नाही, ती गरजेहून बरीच अधिक असावी लागते, ती ह्यासाठी.

रांग सांभाळण्याची काही पथ्ये आहेत. पहिले पथ्य हे, की ठिकाणागणिक रांग वेगळी ठेवावी. एक गाव बंद पडले म्हणून इतर गावांची पत्रे अडू नयेत. दुसरे, पुनःपुन्हा दार ठोठावू नये. दोन प्रयत्नांत निदान अर्धा तास जावा, असे नियमच सांगतात; आणि प्रत्येक अपयशानंतर हे अंतर वाढवीत न्यावे. तिसरे, समोरच्या सर्व्हरचे उत्तर नीट वाचावे. चारने आरंभ होणारा तीन अंकी आकडा म्हणजे ‘तूर्त नाही’, पाचने आरंभ होणारा म्हणजे ‘मुळीच नाही’. दुसऱ्या प्रकारचे पत्र रांगेत न ठेवता तत्काळ परत पाठवावे. चौथे, जाहिरातींचे व परिपत्रकांचे गठ्ठे निराळ्या रांगेत घालावेत, म्हणजे रुग्णाचा अहवाल किंवा मुदतीची निविदा त्यांच्यामागे ताटकळणार नाही. पाचवे, तार जोडली जाताच दूरच्या सर्व्हरने आपले टपाल स्वतःच मागून घ्यावे. १९९६ साली त्यासाठी एक खास आज्ञाही ठरविण्यात आली.

साठवणीलाही मर्यादा असतेच. साधारण चार-पाच दिवस प्रयत्न करून पत्र प्रेषकाकडे परत जाते. विलंबाची सूचना मात्र काही तासांतच द्यावी. खरा धोका पुढे आहे. रांग फुगली, डिस्क भरत आली, की ती एका आज्ञेने पुसून टाकण्याचा मोह व्यवस्थापकाला होतो. पडदा स्वच्छ होतो, सर्व्हर हलका होतो. परंतु पाठविणारा पत्र पोहोचले असे समजून निश्चिंत राहतो, आणि ज्याला ते हवे असते तो वाट पाहत बसतो. परत आलेले पत्र पुन्हा पाठविता येते. पुसलेल्या पत्राची कोणालाच वार्ता नसते.

म्हणून रांगेत पत्रे किती, एवढेच पाहून चालत नाही. सर्वांत जुने पत्र केव्हापासून थांबले आहे, हे रोज पाहावे लागते. बऱ्हाणपूरच्या कारागिरांनी पाणी भूमीखाली लोटून दिले आणि ते विसंबले, असे नाही. वाटेवर शंभराहून अधिक कुंड्या त्यांनी उघड्या राखल्या, त्या वारा खेळावा आणि माणसाला आत उतरून प्रवाह पाहता यावा म्हणून.