अमेरिकेतील एकगठ्ठा मतांचा हिशेब

मतदार आपल्या खिशाकडे पाहून मत देतो, असे अर्थशास्त्राचा अभ्यासक सहसा गृहीत धरतो. महागाई वाढली, रोजगार घटला की सत्ताधारी पक्षाला त्याची किंमत मोजावी लागते, हा अनेक लोकशाही देशांचा अनुभव आहे आणि अमेरिकाही त्याला अपवाद नाही. परंतु मिसिसिपी राज्याकडे वळताच हे गृहीतक अडखळते. अमेरिकेतील सर्वांत गरीब राज्यांत त्याची गणना होते आणि तेथील लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक आहे. अपुरी मजुरी, निकृष्ट शाळा, दवाखान्यांची वाण हे प्रश्न तेथील गोऱ्या गरिबाचे आहेत, तसेच काळ्या गरिबाचेही आहेत. तरीही २००८ साली मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत तेथील सुमारे ८८ टक्के गोऱ्यांनी जॉन मॅकेन यांना, तर सुमारे ९८ टक्के कृष्णवर्णीयांनी बराक ओबामा यांना मत दिल्याचे आढळले. बाजारभाव एक, पण मते दोन टोकांची.

प्रत्येक जण आपल्या वर्णाच्या उमेदवाराला मत देतो, हे या कोड्याचे सोपे उत्तर आहे. पण ते टिकणारे नाही. १९६४ साली टेक्सासच्या लिंडन जॉन्सन या गोऱ्या उमेदवाराला कृष्णवर्णीयांची सुमारे ९४ टक्के मते पडली होती. २०२२ साली जॉर्जियात सिनेटच्या जागेसाठी दोन्ही पक्षांनी कृष्णवर्णीय उमेदवार उभे केले, तरी कृष्णवर्णीयांच्या दहांपैकी सुमारे नऊ मते डेमोक्रॅटिक पक्षाच्या रॅफाएल वॉर्नॉक यांच्याकडेच गेली. तेव्हा निर्णायक ठरतो तो उमेदवाराचा वर्ण नव्हे, तर पक्षाचा पूर्वेतिहास. आणि हा इतिहास मुख्यतः मताधिकाराचाच इतिहास आहे.

१७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेने प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना पाच गुलामांची गणना तीन माणसांइतकी केली. गुलामाला अर्थातच मत नव्हते. त्याच्या मोजणीतून मिळणारे राजकीय बळ मालकाच्या पदरात पडत होते. यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय सदस्य सिनेटमध्ये गेले. ते रिपब्लिकन होते. लिंकन यांचा पक्ष तो आपला पक्ष, अशी मुक्त झालेल्या गुलामांची स्वाभाविक भावना होती.

१८७३ साली महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच काळात. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाचा तो गौरव होता. परंतु त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी ते पर्व संपले. १८७६ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर झालेल्या तडजोडीत दक्षिणेतील राज्य सरकारांना आधार देणारे केंद्राचे सैन्य मागे घेण्यात आले आणि कृष्णवर्णीय मतदार आपल्या जुन्या मालकांच्या हाती सापडला.

पुढे जे घडले, त्यात कायद्याचा शब्द पाळून त्याचा आत्मा कसा मारता येतो, याचा धडा मिळतो. १८९० साली मिसिसिपीने नवी राज्यघटना करून मतदानासाठी दोन डॉलरांचा कर बसवला आणि घटनेतील कलम वाचण्याची अथवा त्याचा अर्थ सांगण्याची अट घातली. त्यात वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. मात्र परीक्षा घेणारा अधिकारी गोरा होता. लुइझियानाने १८९८ साली जे स्वतः अथवा ज्यांचे वडील वा आजोबा १ जानेवारी १८६७ रोजी किंवा त्यापूर्वी मतदार होते, त्यांना अशा अटींतून सूट दिली. त्या राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२ उरले. कायद्याने जे साधले नाही, ते जमावाच्या दहशतीने साधले. हे सारे घडवणारा दक्षिणेतील पक्ष डेमोक्रॅटिक होता, हे विसरता येत नाही.

मग कृष्णवर्णीय त्याच पक्षाकडे कसे वळले? पहिला ओढा पोटाचा होता. लाखो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कसारख्या उत्तरेच्या शहरांत आले. तेथे त्यांना मत देता येत होते. महामंदीत रूझवेल्ट यांनी रोजगार दिला आणि १९३६ साली त्यांची बहुसंख्य मते रूझवेल्ट यांना मिळाली. येथवर आमचे अर्थशास्त्र चालते. परंतु तरीही १९६० साली रिपब्लिकन निक्सन यांना कृष्णवर्णीयांची जवळजवळ एकतृतीयांश मते होती. ती संपली १९६४ साली. त्या वर्षीच्या नागरी हक्क कायद्याला काँग्रेसमध्ये रिपब्लिकन सदस्यांचा पाठिंबा प्रमाणाने डेमोक्रॅट्सपेक्षा अधिक होता. पण पक्षाने अध्यक्षपदासाठी उभे केले ते त्या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यांना. त्यांना स्वतःच्या अ‍ॅरिझोनाखेरीज केवळ खोल दक्षिणेतील पाच राज्ये मिळाली. त्यानंतर आजवर कोणत्याही रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवाराला कृष्णवर्णीयांच्या मतांचा पाचवा हिस्साही मिळालेला नाही. १९६५ च्या मताधिकार कायद्याने हे नाते पक्के केले. मिसिसिपीतील पात्र कृष्णवर्णीयांपैकी पूर्वी जेमतेम सात टक्के मतदार नोंदलेले होते. १९६७ पर्यंत हे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले.

गोऱ्यांच्या मतालाही हाच इतिहास आकार देतो. १९६४ नंतर एकाही डेमोक्रॅटिक अध्यक्षीय उमेदवाराला गोऱ्या मतदारांचे बहुमत मिळालेले नाही. धर्म, गर्भपात, कर, बंदुका अशी त्याची अनेक कारणे आहेत आणि प्रत्येक गोऱ्या रिपब्लिकनाला वर्णद्वेष्टा ठरवणे अन्यायाचे होईल. तथापि, १८६० साली ज्या दक्षिणी परगण्यांत गुलामांचे प्रमाण अधिक होते, तेथील गोरे आजही शेजारच्या परगण्यांतील गोऱ्यांपेक्षा रिपब्लिकन पक्षाकडे अधिक झुकलेले आढळतात, असे आचार्य, ब्लॅकवेल आणि सेन या अभ्यासकांनी २०१८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. कमी मजुरीवर राबणाऱ्या गोऱ्याला आपण काळ्यापेक्षा वरचे आहोत, या भावनेचे एक जादा वेतन मिळत असते, असे डू बॉइस यांनी १९३५ सालीच मांडले होते. हे वेतन पैशात मोजता येत नाही, म्हणून आमच्या कोष्टकांत ते दिसत नाही. पण मतपेटीत दिसते.

एकगठ्ठा मतदानाला मेंढरांचा कळप म्हणण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तशी तेथेही आहे. वरील इतिहास त्याला आधार देत नाही. ज्याचा मत देण्याचा हक्कच वादात आहे, तो करांचे दर आणि अनुदाने यांची तुलना करीत बसत नाही; आधी तो हक्काचा रक्षक निवडतो. हा भावनेचा नव्हे, तर हिशेबाचा निर्णय आहे. मात्र त्याची किंमतही आहे. गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाणारच नाही, हे ठाऊक असलेला दुकानदार त्याची आर्जवे करीत नाही. डेमोक्रॅटिक पक्ष ही मते गृहीत धरतो, रिपब्लिकन पक्ष त्यांची आशा सोडतो आणि शाळा, घरे, मजुरी या प्रश्नांवर घासाघीस करण्याची संधी कृष्णवर्णीय गमावतो.

२०२४ साली ट्रम्प यांना कृष्णवर्णीय, विशेषतः पुरुष मतदारांची पूर्वीपेक्षा अधिक मते मिळाली. महागाईचा त्यात मोठा वाटा होता. जुनी भीती ओसरून हे घडत असेल, तर ते स्वागतार्ह आहे. परंतु २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातील एक मुख्य तरतूद निष्प्रभ केली. मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांना केंद्राची जी पूर्वसंमती घ्यावी लागे, ती तेव्हापासून लागत नाही. रक्षणाची हमी दुबळी होत असतानाच रक्षकाची निवड दुय्यम मानली जाऊ लागली, तर १८७७ चा अनुभव विसरला गेला असे म्हणावे लागेल. मिसिसिपीतील काळ्या माणसाने केवळ खिशाकडे पाहून मत द्यावे, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी प्रथम त्याचे मत कोणाच्याही कृपेवर अवलंबून राहणार नाही, अशी व्यवस्था करावी. तो दिवस येईपर्यंत त्याचा एकगठ्ठा फोडण्याचा उपदेश करण्याचा अधिकार इतरांना नाही.