लिव्हर-ॲक्शन रायफल: पडद्यावरची आणि रानातली

‘स्टेजकोच’ (१९३९) या चित्रपटात जॉन वेन हातातली रायफल एका हाताने गर्रकन फिरवून भरतो. गोष्ट आहे १८८० ची, रायफल मात्र विंचेस्टरच्या १८९२ च्या मॉडेलची! चाप-संरक्षकाला जोडलेली दांडी खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, अशी ही लिव्हर-ॲक्शन रायफल. अमेरिकेत आणि कॅनडात ती आजही हरणाच्या हंगामात बाहेर पडते. तिची निवड करताना मात्र बरेच समज सिनेमातूनच येतात.

गैरसमज: ही जुनी, दुबळी यंत्रणा आहे.

वस्तुस्थिती: दांडी दुबळी नसते, मर्यादा बहुधा काडतुसाची असते. जॉन ब्राउनिंगने रचलेलं विंचेस्टर १८९५ मॉडेल .४०५ कॅलिबरमध्ये घेऊन थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत सिंहाच्या शिकारीला गेले. पहिल्या महायुद्धात रशियाने याच मॉडेलच्या जवळजवळ तीन लाख रायफली घेतल्या. आजची ब्राउनिंग बीएलआर .३०८ आणि .३०-०६ सारखी जोरकस काडतुसं सहज पेलते.

गैरसमज: काडतुसाच्या नावातला आकडा मोठा, तेवढा मार मोठा.

वस्तुस्थिती: .३०-३० मधला पहिला आकडा नळीचा व्यास इंचात सांगतो, दुसरा मूळच्या धूरविरहित दारूचं वजन ग्रेनमध्ये. .४५-७० मधले ७० ग्रेन मात्र काळ्या दारूचे. अमेरिकी लष्कराने हे काडतूस १८७३ मध्ये स्वीकारलं. दोन्ही दारूंचा जोर वेगळा, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. .३५७ मॅग्नमची गोळी .३०-३० पेक्षा जाड असली, तरी ऊर्जेत .३०-३० बरंच पुढे आहे.

.४५-७० घेताना आणखी एक खबरदारी हवी. जुन्या ट्रॅपडोअर रायफलींना सोसेल असा सौम्य भरणा आणि आधुनिक रायफलींसाठीचा जबर भरणा एकाच नावाने विकला जातो. जबर भरणा जुन्या रायफलीत घातला तर ती फुटू शकते. खोक्यावरचा मजकूर आणि रायफलीची पुस्तिका, दोन्ही वाचूनच काडतूस भरायचं.

गैरसमज: टोकदार गोळी लांब जाते, मग तीच घ्यावी.

वस्तुस्थिती: बहुतेक लिव्हर-ॲक्शन रायफलींचं मॅगझिन नळीखालीच एक दुसरी नळी असतं. त्यात काडतुसं एकामागोमाग उभी राहतात आणि मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं. धक्क्याने ते टोक आपटलं तर मॅगझिनमध्येच बार उडू शकतो. म्हणून गोळ्या चपट्या तोंडाच्या. सॅव्हेज ९९ ने फिरत्या मॅगझिनने, बीएलआरने पेटीच्या मॅगझिनने ही अडचण टाळली. हॉर्नाडी कंपनीने मऊ, लवचीक टोकाची गोळी आणून नळीच्या मॅगझिनलाही वाट काढून दिली.

गैरसमज: .३०-३० ने तीनशे यार्डांवरचं हरीण टिपता येतं.

वस्तुस्थिती: १५० ग्रेनची गोळी सुमारे २,३९० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते. नेम शंभर यार्डांवर साधला, तर दोनशेवर ती सुमारे आठ इंच खाली उतरते आणि पुढे घसरण झपाट्याने वाढते. पांढऱ्या शेपटीचं हरीण दाट झाडीत बहुधा शंभर यार्डांच्या आतच समोर येतं; तिथे हे काडतूस चोख काम करतं. मोकळ्या माळरानात .३०८ बरं.

गैरसमज: रिव्हॉल्व्हरचं काडतूस रायफलीत म्हणजे खेळणं.

वस्तुस्थिती: लांब नळीत दारूच्या वायूंना ढकलायला जास्त वेळ मिळतो. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सुमारे १,२०० फूट वेगाने निघते, कार्बाइनमधून १,८०० च्या आसपास. धक्का कमी, सराव स्वस्त, कारण त्याच रायफलीत .३८ स्पेशलही चालतं. उलट, .३८ च्या बंदुकीत .३५७ कधीच घालायचं नाही. जवळच्या हरणापलीकडे मात्र त्याची मजल नाही.

गैरसमज: या रायफलीवर दुर्बीण बसत नाही.

वस्तुस्थिती: जुनी विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस वरून फेकते, म्हणून दुर्बीण आड येते. १९४८ ची मार्लिन ३३६ ते बाजूने फेकते आणि तिचा माथा बंद असतो. विंचेस्टरनेही १९८० च्या दशकात काडतूस तिरकं फेकण्याची सोय केली.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा हा सारा हिशेब परदेशातल्या परवानाधारक शिकाऱ्यांचा. केवळ निशाणेबाजीसाठी सुरुवात करणाऱ्याला .२२ लाँग रायफल पुरते: धक्का नगण्य, आवाज कमी, काडतूस सर्वांत स्वस्त, आणि दांडी ओढण्याची सवयही हाताला लागते.