अंगठ्याला कळणारी धार

वस्तऱ्याला धार लागली की नाही, हे मुरलेला न्हावी डोळ्यांपेक्षा अंगठ्याने ठरवतो. अंगठा धारेच्या लांबीने न्यायचा नाही (एकदा नेला की पुन्हा सांगावं लागत नाही). आडवा, अगदी अलगद फिरवायचा. बोथट पात्यावरून तो गुळगुळीत निसटतो. लागलेली धार मात्र कातडीला धरून ठेवल्यासारखी वाटते.

चांगली धार मायक्रॉनहूनही बारीक. तिथे नुसत्या डोळ्यांचं काम संपतं. बोटांचं नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की बोट फिरवून माणसाला अवघ्या १३ नॅनोमीटरच्या सुरकुत्याही ओळखता येतात. फिरवून, हे महत्त्वाचं: बोट सरकताना उठणारी सूक्ष्म कंपनं त्वचेतले संवेदक टिपतात. दाढी करतानाही हात हलका हवा. दाबला, की पात्याचं ओढणं कळतच नाही, आणि रक्त आल्यावर आपण दोष धार लावायच्या दगडाला देतो.