वाडीतली पिल्ले अचानक दगावतात तेव्हा

कोंबडीचे पिल्लू आजार लपवते. कळपात जे दुबळे दिसते त्याला बाकीची टोचतात, म्हणून ताप चढलेले पिल्लूसुद्धा इतरांबरोबर जमिनीवर चोच मारत राहते. गिळत मात्र काहीच नाही. पंख गळून, डोळे मिटून ते कोपऱ्यात उभे राहिलेले दिसते तोवर आजार निम्मा पुढे गेलेला असतो. ‘काल बरी होती, आज चार मेली’ असे जे वाटते, त्यामागे बहुतेक वेळा न दिसलेले दोन-तीन दिवस असतात.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वटार, नाळा, राजोडी, निर्मळ या गावांत, केळी, पानवेली आणि फुलझाडांच्या वाड्यांमधून गावठी कोंबड्या मोकळ्या हिंडतात. सोबत गिरिराज, वनराज, कावेरी अशा सुधारित जातींची पिल्लेही पाळली जातात. समुद्राकाठची दमट हवा, पाटाच्या पाण्याने सतत ओली राहणारी जमीन आणि चार महिन्यांचा जोरदार पाऊस केळीला मानवतो, पिल्लाला नाही. पिल्लांच्या पहिल्या आठ आठवड्यांतले बरेचसे आजार याच ओलीतून येतात.

निदानाची सुरुवात पिल्लाच्या वयापासून करावी. पहिल्या आठवड्यातले मरण बहुधा थंडीचे, बेंबीच्या संसर्गाचे किंवा अंड्यातूनच आलेल्या साल्मोनेला जंतूंचे असते. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण आणि गंबोरो हे दोन संशयित आधी डोळ्यांसमोर आणावेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, मात्र वय बघत नाही. त्यानंतरचा प्रश्न संख्येचा. दहातले एकच मलूल असेल तर दुखापत, अन्नपिशवी तुंबणे किंवा जंत असू शकतात. एका दिवसात चार-पाच पडली तर साथ किंवा विष, तिसरे कारण क्वचितच.

मग पिल्लू हातात घ्यावे. गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. संध्याकाळी ती भरलेली व मऊ असायला हवी. रिकामी असेल तर खाणे थांबलेले आहे, टणक असेल तर आत काहीतरी अडकले आहे. छातीचे हाड सुरीच्या पात्यासारखे वर आले असेल तर आजार जुना आहे, अचानक आलेला नाही. पिल्लू कानाशी धरले की श्वासातली घरघर ऐकू येते. शेवटी शेपटीखाली बघावे. सगळ्यांत जास्त माहिती विष्ठेतच मिळते, म्हणून आजारी पिल्लाला रात्री खोक्यात जुन्या वर्तमानपत्रावर ठेवण्याची पद्धत फार उपयोगी आहे. सकाळी कागदावर विष्ठेचा रंग स्पष्ट दिसतो. चुन्यासारखी पांढरी, हिरवट पातळ आणि रक्तमिश्रित विष्ठा तीन वेगळ्या वाटा दाखवतात. नुसत्या रंगावर रोग ठरत नाही, पण पुढे काय विचारायचे ते कळते.

अगदी लहान पिल्लांत औषधाआधी ऊब लागते. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे असते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते उतरवत नेता येते. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली ही सोय आपोआप होते. विकत आणलेल्या पिल्लांना दिवा लावून ती करावी लागते, आणि पावसाळ्यात वीज गेली की एका रात्रीत पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. दिव्याखाली गोळा झालेली पिल्ले थंडीने कुडकुडत असतात, चोच उघडून कडेला पळालेली उकाड्याने हैराण असतात. गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढावी. ओढून काढल्यास कातडी फाटते.

वटारसारख्या गावात पावसाळ्यात सगळ्यांत जास्त विचार रक्ती हगवणीचा करावा लागतो. हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशी परजीवींमुळे होतो. विष्ठेतून पडणारी त्यांची बीजे उबदार, ओल्या तुसात एक-दोन दिवसांत पिकतात आणि चाऱ्यापाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजे दाद देत नाहीत. त्यांना मारते ते कोरडेपण आणि कडक ऊन, आणि श्रावणात नेमके तेच मिळत नाही. पिल्लू पिसे फुलवून बसते, तुरा आणि पाय फिके पडतात, विष्ठेत लाल रक्त दिसते. मेलेले पिल्लू उघडले तर आतड्याच्या शेवटाकडची दोन आंधळी आतडी रक्ताने गच्च भरून फुगलेली आढळतात.

यावर औषध आहे आणि वेळेत दिले तर ते लागू पडते, म्हणूनच हा रोग ओळखणे मोलाचे. ॲम्प्रोलियमची २० टक्के शक्तीची पूड जोरदार प्रादुर्भावात एक लिटर पिण्याच्या पाण्यात १.२ ग्रॅम या प्रमाणात तीन ते पाच दिवस देतात, आणि नंतर पाव मात्रेवर आठवडाभर चालू ठेवतात. पुडीवरची शक्ती वेगळी असेल तर हिशेब बदलतो, म्हणून मात्रा पशुवैद्यकांकडून पक्की करून घ्यावी. या काळात दुसरे पाणी ठेवायचे नाही. वाडीतल्या पाटाचे किंवा डबक्याचे पाणी मिळत असेल तर औषध पोटात जातच नाही. ॲम्प्रोलियम ब-१ जीवनसत्त्वाची वाट अडवूनच परजीवीला उपाशी मारते. सोबत ‘ताकदीसाठी’ ब जीवनसत्त्वाचे टॉनिक पाजले तर औषधाचा जोर कमी होतो. हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. त्याच दिवशी ओले तूस काढून कोरडे पसरले नाही तर पिल्ले बरी होऊन पुन्हा पडतात.

मानमोडीची गोष्ट वेगळी. १९२६च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे हा विषाणू ओळखला गेला. भारतात कुमाऊँमधल्या राणीखेतवरून त्याला नाव पडले. धाप, हिरवट पातळ विष्ठा, लुळे पाय आणि पिळवटून मागे गेलेली मान ही त्याची चिन्हे. मात्र वळलेली मान दरवेळी राणीखेतची नसते. ब-१ जीवनसत्त्व कमी पडले तरी पिल्लू आकाशाकडे बघत मान मागे टाकते, आणि त्या पिल्लाला जीवनसत्त्व दिले की ते काही तासांत सावरू लागते. राणीखेतवर औषध नाही. प्रतिजैविकाने विषाणू मरत नाही; फार तर मागून येणारे जिवाणू आवरतात. लाल मिरची, हळद, लसूण यांनीही साथ थांबत नाही.

थांबवते ती लस. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा किंवा एफ जातीच्या लशीचा एक थेंब, साधारण चौथ्या आठवड्यात पुन्हा मात्रा, आणि आठव्या आठवड्यानंतर आर२बी लशीचे टोचण, असा नेहमीचा क्रम आहे. घरगुती पाळणाऱ्यांची खरी अडचण कुपीची आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी एवढे कोण करणार, म्हणून लस राहून जाते. हा प्रश्न एका घराने सुटत नाही, आळीने सुटतो. दहा-बारा घरांनी एकच संध्याकाळ ठरवली, पाखरे खुराड्यात शिरल्यावर एकेक हातात घेऊन थेंब टाकले, तर एक कुपी साऱ्या आळीला पुरते. कोंबड्या कुंपण मानत नाहीत. शेजारच्या वाडीतली न टोचलेली पाखरे म्हणजे आपल्याच दारातला रोग. आजारी पाखराला लस देण्यात अर्थ नसतो.

गंबोरो १९६२मध्ये अमेरिकेतल्या त्याच नावाच्या गावाजवळ नोंदला गेला. तीन-चार दिवस मरतूक वाढते आणि मग ओसरते. वाचलेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती मात्र खचते, त्यामुळे पुढच्या लशीही नीट लागू होत नाहीत. ऊब, क्षारांचे पाणी आणि शांतता एवढाच त्यावर आधार. बचाव चौदाव्या दिवसाच्या लशीने. कोंबड्यांची देवी डासांमार्फत पसरते, तुऱ्यावर खपल्या धरतात, आणि खपल्या चोचीच्या आत उतरल्या तरच ती घातक ठरते.

आजार नसतानाही पिल्ले पटापट पडतात. भाजीवर किंवा फुलझाडांवर सकाळी फवारणी झाली आणि दुपारपर्यंत तोंडातून लाळ, थरथर आणि मृत्यू, असा क्रम दिसला तर कीटकनाशकाचा संशय घ्यावा. बुरशी धरलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यकृत पोखरते. १९६०मध्ये इंग्लंडात हजारो टर्की पक्षी अशाच पेंडीने मेले आणि अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. पावसाळ्यात कुबट वास येणारे खाद्य फेकून द्यावे. वाळवून विष जात नाही.

कारण कळत नसेल तर ताजे मेलेले पाखरू दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून लवकर दवाखान्यात न्यावे, गोठवू नये. तिथून नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. प्रयोगशाळेचे उत्तर येण्याआधीच प्रतिजैविक सुरू करण्याची घाई वाईट. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखून ठेवलेले औषध पशुखाद्यात आणि पशूंवर वापरायला २०१९मध्ये देशभर बंदी आली, ती अशाच वापरामुळे.

एका बाबतीत मात्र पाखरू घरी उघडूही नये. तुरा निळाजांभळा, डोके सुजलेले आणि एकदोन दिवसांत बहुतेक खुराडे रिकामे, अशी मरतूक बर्ड फ्लूची असू शकते. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातली पहिली साथ आढळली. फेब्रुवारी २०२२मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीपाठोपाठ वसई-विरार भागातल्या कोंबड्यांतही बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. अशा वेळी हातमोजे व मुखपट्टी लावावी, मुलांना दूर ठेवावे, पाखरे विकू किंवा हलवू नयेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवावे. साथीच्या रोगाची खबर देणे २००९च्या कायद्याने मालकाचे कर्तव्यही आहे. निदान पक्के झाल्यास एक किलोमीटरच्या परिसरातली पाखरे नष्ट केली जातात. भरपाई या नष्ट केलेल्या पाखरांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लवकर कळवणाऱ्याचे नुकसान म्हणूनच कमी होते.

मेलेली पाखरे ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. विहिरीपासून दूर, कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरावीत. रिकाम्या खुराड्यातले तूस काढून जाळावे, जमीन खरवडून चुना मारावा आणि निदान तीन आठवडे ते उघडे, कोरडे राहू द्यावे. नवी पिल्ले त्यानंतरच आत सोडावीत.